म्हातारी कॉफीच्या वेळीच पडते

६ जानेवारी

आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली. आई वही उघडली की पहिल्यांदा एकेकाचं बरं-वाईट विचारून घ्यायची, मग बाकीचं लिहायची. ती खोड माझ्यातही उतरली आहे.

तर, गुडघा कसा आहे? उजवा कुरकुरतो, डावा त्याचं बघून शिकतो आहे. बोका? बरा आहे, हीटरपुढची जागा सोडत नाही. पिकअप? सकाळी खोकते, पण उठते. मासेमार मुंडीचा खोकला? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बर्फाला भोकं पाडून जाळी ओढतो, खोकला होणार नाही तर काय. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणतो, "मागच्या खेपेला ज्याच्याकडे गेलो होतो तो डॉक्टर मेला, मी अजून आहे." गुडनीचा खांदा? विचारलं की ठीक म्हणते, पण कॉफीचं भांडं डाव्या हाताने उचलते. तळं? तळ्याची तब्येत सगळ्यांत उत्तम. बर्फ इतका जाड की ट्रक बिनघोर जातात.

आणि म्हातारी? म्हातारीचं काही खरं नाही.

म्हातारी म्हणजे मासळीच्या शेडमधला सर्व्हर. मागच्या खोलीत फळीवर बसलेली असते. पुढे काट्यावर मासे तोलले की तिथला लहान संगणक तिला विचारतो, मग लेबल छापलं जातं: कुणाचा मासा, तळ्याच्या कुठल्या भागातला, कधीचा. नव्या वर्षापासून लेबलाशिवाय माशांचा एकही टप विनिपेग शहराकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढत नाही. आणि म्हातारी नेमकी आताच पडायला लागली. मध्येच निळा पडदा येतो, त्यावर एक रडका चेहरा, खाली माफी आणि काहीतरी आकडा. मग पुढे काट्याशी मंडळी टप घेऊन ताटकळतात आणि मासे गोठून दगड होतात.

आज गुडनीने मला बाजूला घेतलं. शेड तीच चालवते, वीस वर्षं झाली. म्हणाली, "लाकी, विनिपेगच्या मुख्य कचेरीतून फोन होता. पुढच्या महिन्यात बाई येणार आहे तपासायला. दिवसभर बसून बघणार. लेबलं निघाली नाहीत तर मासे घेण्याचं इथलं केंद्र बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. पलीकडच्या काठावर न्यायचे मासे. बर्फातून दोन तास जायचं, दोन तास यायचं. स्टेब्बी जाईल, तरणा आहे. मुंडी जाईल का?"

मुंडी जाणार नाही. मुंडी जाळी गुंडाळून घरी बसेल आणि वसंतापर्यंत आपण त्याला पुरून मोकळे होऊ. हे ती बोलली नाही, मीही नाही.

मी आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली. संगणक म्हातारपणी शिकलो, वाचनालयातली पुस्तकं आणून आणि लोकांनी टाकून दिलेली यंत्रं उघडून. इंजिन आणि संगणक यांत फार फरक नाही. दोघांनाही बोलता येत नाही, आणि दोघंही खोटं बोलतात. मी म्हटलं, "बघतो." ती म्हणाली, "तू बघतोस म्हणूनच मला झोप लागते."

९ जानेवारी

उणे एकतीस. शेडवर गेलो तशी गुडनी नेहमीसारखी धावत बाहेर आली, कोटसुद्धा न घालता. "तू आत हो, तुझ्या गाडीला वायर मी लावते." पिकअपच्या नाकातून इंजिनाच्या हीटरची शेपटी लोंबत असते, ती अशा थंडीत विजेला जोडली नाही तर तासाभरात इंजिनाचं लाकूड होतं. बाकीचे येतात, टप उतरवतात, इंजिन चालूच ठेवून पुन्हा तळ्यावर पळतात. तिथे तासन्तास बसणारा मी एकटाच. दारासमोरच्या खांबावरचा प्लग बर्फ सारणाऱ्या ट्रकने मोडून ठेवला, तो कुणी दुरुस्त केला नाही. पण ती बिचारी कुठून तरी नारिंगी वायर ओढून आणते. देव तिचं भलं करो.

निळ्या पडद्यावरचा आकडा पाहिला. ऑर्व्हिलने सांगितलं होतं: हा आकडा बहुतेक मेमरीचा. ऑर्व्हिल म्हणजे शेजारच्या सॅस्कॅचेवान प्रांतातला एक माझ्यासारखाच म्हातारा. कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, क्लबचा संगणक सांभाळतो, त्याचाही असाच पडतो. इंटरनेटवरच्या मदतीच्या पानावर आमची ओळख झाली. दोन दुखणाईत शेजारी कुंपणावरून बोलतात तसं आम्ही बोलतो.

मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, बदलून बसवल्या. गुडनीने कॉफी ओतली. पहिला घोट घेतला आणि मागच्या खोलीतून ती ओळखीची शांतता आली. पंख्याचा आवाज थांबत नाही, पण शांतता कळते. जाऊन पाहिलं, रडका चेहरा.

स्टेब्बी टप खाली ठेवत म्हणाला, "अफी, तिला कॉफी पाजली नाहीस म्हणून रुसली." अफी म्हणजे आमच्या आइसलँडी बोलीत आजोबा. तो माझा कुणी लागत नाही, पण चिडवायला नातं लागत नाही.

१२ जानेवारी

शनिवारी म्हातारीला घोंगडीत गुंडाळून घरी आणली. स्टेब्बीने उचलून दिली. जाताना म्हणाला, "अफी, लग्न करूनच टाक तिच्याशी." स्वयंपाकघराच्या टेबलावर बसवली. मेमरीची चाचणी लावली, डिस्कची लावली, धूळ उडवली, आतला सुकलेला लेप खरवडून नवा लावला. दोन दिवस अखंड चालली. तान्ह्या बाळासारखी. पडली तर नाहीच, साधी शिंकलीसुद्धा नाही.

ऑर्व्हिलला कळवलं की बरी झाली. त्याने लिहिलं: "माझाही घरी आणला की बरा असतो. क्लबवर नेला की आजारी. शाळेत जाणारी पोरं असतात तसं."

हसलो. पण पाठ भरून आली आहे. सर्व्हर उचलायचं वय नव्हे हे.

१४ जानेवारी

पडली. परवा नेऊन बसवली तेव्हापासून पारा उणे तिशीच्या वर आलेला नाही. आज आकडा वेगळा होता. काल तिसराच होता. एकाच माणसाला सकाळी गोवर, दुपारी कावीळ आणि संध्याकाळी मोडलेला पाय, असा हा प्रकार. असे आकडे बदलत राहिले की दोष हार्डवेअरमध्ये, असं सगळे सांगतात. पण हार्डवेअर घरी दोन दिवस दणदणीत चाललं की!

मुंडी काट्यापाशी उभा होता. टपावर हात ठेवून, मिटनच्या जाड हातमोज्यातून. किती वेळ उभा होता कोण जाणे. मी म्हटलं, "माफ कर रे." तो म्हणाला, "मासे मेलेलेच आहेत, लाकी. त्यांना घाई नाही." आणि मग खोकला, बराच वेळ.

१८ जानेवारी

चार दिवस काही लिहिलं नाही कारण चांगलंच चाललं होतं. हवेने कृपा केली. उणे चार! छपराची धार गळते आहे, लोक कोटाची बटणं उघडी टाकून फिरताहेत. गुडनी काल दारातूनच म्हणाली, "आज गाडीला वायर नको, आज वसंतच आहे."

मी गुरुवारी नेटवर्कच्या कार्डाचा जुना ड्रायव्हर काढून नवा घातला होता. तेव्हापासून म्हातारी एकदाही पडली नाही. रोज सकाळपासून दुपारपर्यंत बसलो, कान तिच्याकडे लावून. काही नाही! लेबलं सरसर बाहेर. गुडनीने घरून विनारतेर्ता केक आणला, आलुबुखाऱ्याचे सात थर. नाताळ संपल्यावर कुणी करत नाही. तिने केला. पहिला तुकडा मला, तोही कडेचा नव्हे, मधला.

"कशासाठी?" मी विचारलं.

"ड्रायव्हरसाठी," ती म्हणाली आणि मुंडीला हसू आलं. काय हसण्यासारखं होतं ते कळलं नाही.

ऑर्व्हिलला ड्रायव्हरचं नाव कळवलं. त्यानेही बदलून बघतो म्हटलं.

२२ जानेवारी

उणे तेहतीस. पडली. पुन्हा पडली. ड्रायव्हरचं श्रेय ड्रायव्हरने परत घेतलं.

आता काय करू? सगळं नव्याने बसवायचं म्हटलं तर लेबलांचा तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनीच बुडाली आहे, पुन्हा बसेल की नाही कुणाला ठाऊक. नवा सर्व्हर मागवला तर रस्ते सुरळीत होऊन तो येईपर्यंत तपासणी होऊन गेलेली असेल. मी खुर्चीत बसून राहिलो. गुडनी येऊन शेजारी उभी राहिली. पेला भरला, खांद्यावरचा बर्फ झटकला. बर्फ नव्हता खरं तर, मी आत येऊन बराच वेळ झाला होता. निघालो तेव्हा पिकअप उबदार होती, तेवढंच सुख.

२८ जानेवारी

आजारी होतो. ताप, अंग मोडून. पाच-सहा दिवस अंथरुणावर. बोका पायावर बसून होता, त्याला वाटलं आपल्यासाठीच निजलाय हा.

गुडनी रोज शेड बंद करून सूप घेऊन आली. कोकराचं मटण, बटाटे, वाटाणे. रोज मी विचारायचो, "म्हातारी?" आणि रोज ती भांडं घासत पाठमोरी म्हणायची, "आहे."

"आहे म्हणजे?"

"चाललीय."

"एकदाही पडली नाही?"

"सूप संपव."

आज स्टेब्बी लाकडं टाकायला आला, त्याने स्पष्ट सांगितलं. "अफी, खरं सांगू? तू नव्हतास ना, तर एकदाही निळं झालं नाही. बाहेर उणे पस्तीस, आम्ही दाबून मासे आणले, म्हातारी खणखणीत. आम्ही म्हटलं, ती तुझ्यावरच रागावलीय." हसला. मीही हसलो. तो गेल्यावर हसू पुसलं.

३० जानेवारी

गेलो. गुडनीने गाडीला वायर लावली. मी कोट खुंटीला अडकवला, मिटन वाळत घातली. म्हातारीच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. पेल्यातली कॉफी निम्मी झाली नाही तोच स्टेब्बी काट्यावरून ओरडला, "गेली!"

या वेळी कुणी चिडवलं नाही. हेच वाईट. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं. मुंडीने खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. स्टेब्बी बूट बघत राहिला.

माझे हात पूर्वीसारखे राहिले नाहीत. बारीक स्क्रू सुटतो बोटांतून. पण आज तर हातही लावला नव्हता.

१ फेब्रुवारी, रविवार

ऑर्व्हिलने लिहिलं: "वीज तपासली का? भिंतीतली वीज कमी-जास्त होत असेल तर असेच रोज वेगळे आकडे येतात." शहाणा माणूस. म्हातारीला वीज गेल्यावर सांभाळणारी बॅटरीची पेटी होती, तिची बॅटरी गेल्या वर्षीच मेली, तेव्हापासून ती सरळ भिंतीवर आहे.

आज स्टेब्बीने मला चर्चला नेलं होतं. तिथून शेड चालत दहा पावलांवर, म्हणून मीटर खिशात घेऊनच गेलो होतो. किल्ली माझ्याकडे असतेच. शेड रिकामी, थंड. म्हातारीमागच्या सॉकेटला मीटर लावला. काटा जिथे हवा तिथे, हलायचं नाव नाही. पुढचा शीतखोलीचा पंप सुरू करून पाहिला, प्रिंटर चालवला. जराशी थरथर, बाकी काही नाही. दीड तास बसलो. म्हातारी शांत, मीटर शांत, फक्त माझा गुडघा बोलत होता.

वीज निर्दोष. ऑर्व्हिलला तसं कळवलं.

मग उरलं काय? उरलो मी.

पण आज तर मीच बसलो होतो की तिच्याजवळ, आणि पडली नाही! बहुतेक रविवारी तिलाही सुट्टी.

४ फेब्रुवारी

लिहायलाही लाज वाटते, पण ही वही माझी आहे. आज मी लोकरीचा स्वेटर घरी ठेवून गेलो, कारण कोरड्या थंडीत लोकरीतून ठिणग्या उडतात आणि ठिणगी यंत्राला खाते. आत शिरताना, अंगातली वीज उतरावी म्हणून, पाण्याच्या पाइपाला हात लावला. काट्यापासून लांब, दारालगत बसलो, हात मांडीखाली घेऊन. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस.

गुडनी वायर लावून आत आली, म्हणाली, "गारठशील की. स्वेटर कुठाय?" आणि स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली. लोकरीची.

पडली.

मी म्हटलं, "शाल लोकरीची आहे." ती म्हणाली, "मग काय दगडाची असते?"

६ फेब्रुवारी

बाई मंगळवारी येणार हे नक्की झालं. बर्फाचा अंदाज नाही, थंडीचा आहे.

मी ठरवलं आणि तिला सांगून टाकलं. मंगळवारी मी येत नाही. नुसतं मंगळवारी नव्हे, तपासणीचं निस्तरेपर्यंत पाऊलच ठेवत नाही. आजारी होतो तेव्हा चालली, आलो की पडते. अर्थ कळो न कळो, विस्तव दिसल्यावर हात कशाला घालायचा?

गुडनी टप धूत होती. पाणी चालूच राहिलं. "मशीन तुला ओळखते असं म्हणायचंय तुला?"

"काय म्हणायचंय ते मलाही माहीत नाही. पण मुंडीचं पोट त्यावर आहे. तुझंही."

"मग मशीनसाठी नको येऊस," ती म्हणाली. "कॉफीला ये."

"कॉफी काय, घरीही होते."

तिने नळ बंद केला. टप पालथे घातले, एकावर एक, जरा आपटूनच. मग म्हणाली, "होते ना. होतेच." आणि मागे निघून गेली. आज पहिल्यांदाच माझी गाडी निघताना कुणी दारात नव्हतं. मी तिच्याच भल्याचं बोललो, तिला राग कशाचा आला कळत नाही. खांदा दुखत असेल.

१० फेब्रुवारी

आज सगळं सविस्तर लिहितो, हात दुखला तरी.

उणे छत्तीस. सकाळपासून खिडकीत बसलो. बोक्याशी बोललो. फोन वाजू नये म्हणून फोनकडे बघत राहिलो, जणू बघितल्याने तो दबून राहील. अर्धी सकाळ सरली. मनात म्हटलं, चाललीय. माझ्याविना चाललीय. सुटकाही वाटली आणि वाईटही वाटलं. आपण नसलो की सगळं सुरळीत चालतं हे कळून घ्यायला कुणाला आवडतं?

मग वाजला.

"पडली," गुडनी म्हणाली. "बाईंसमोर. दोनदा."

मी इथे देवासमोर खरं लिहितो, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अरे वा." माझ्याविना पडली! मी नव्हतो, आणि पडली! लगेच जीभ चावली.

"काय म्हणालास?"

"आलोच म्हणालो."

शेडसमोर ट्रकांची रांग, धुराचे लोट. दाराशी, माझ्या नेहमीच्या जागेवर, विनिपेगची एक छोटी पांढरी गाडी. मी पलीकडे थांबलो. गुडनी बाहेर आली, बिनकोटाची, चेहरा राखेसारखा. पण सवय कुठे जाते? माझ्या गाडीच्या नाकाकडे वाकली, मग आठवून उभी राहिली.

"तू इंजिन चालूच ठेव, लाकी. तुझी वायर आज बाईंच्या गाडीला लावलीय. शहरातून आली बिचारी, म्हटलं परत जाताना अडकायला नको."

एक पाय जमिनीवर, एक गाडीत, असा मी उभा राहिलो.

तुझी वायर. म्हणजे ती वायर माझ्याच गाडीची होती. मी आलो की लागायची, गेलो की निघायची. वसंताच्या त्या चार दिवसांत लागली नव्हती. मी तापाने पडलो होतो तेव्हा लागली नव्हती. रविवारी मी चालत आलो होतो. आणि आज मी घरी, पण वायर लागलेली. घर शोधून झालं होतं, दार शोधून झालं होतं, आणि किल्ली माझ्याच मुठीत होती!

नारिंगी वायर पांढऱ्या गाडीच्या नाकातून निघून बर्फाच्या ढिगाखाली शिरत होती. मी पायाने बर्फ उकरत तिच्यामागे गेलो, भिंतीला वळसा घालून, जाळ्यांच्या खोलीच्या खिडकीपर्यंत. फटीत चिंधी कोंबून वायर आत घेतलेली. आत गेलो, जाळी बाजूला सारली. सॉकेट भिंतीत. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे, पाठीला पाठ लावून, म्हातारीचं सॉकेट. एकाच जुन्या तारेवर दोघं. सॉकेटवर हात ठेवला. तापलेलं, भाकरी शेकावी असं. गाडीचा हीटर सगळी वीज ओढून घ्यायचा, ढिल्या जोडातून म्हातारीपर्यंत उरलंसुरलं पोचायचं, आणि मासे थंड ठेवणारा पंप सुरू झाला की तेवढंही नाही. म्हातारी पडायची नाही तर काय करायची? उपाशी माणूस रोज वेगळ्या कारणाने कोसळतो.

मी प्लग उपटला.

मागे वळलो तर दारात गुडनी. माझ्या हातातल्या नारिंगी प्लगकडे बघत होती. काही सांगावं लागलं नाही. इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांपेक्षा शेड चालवणारे लवकर समजतात.

"मीच का?" ती म्हणाली.

"सॉकेट जुनं आहे. जोड ढिला झालाय भिंतीत."

"इतके दिवस मीच पाडत होते?"

"सॉकेट, गुडनी. मी सांगतोय ना, सॉकेट. आग लागली असती एखाद दिवशी. बरं झालं कळलं."

तिचे हात थंडीने लाल झाले होते. माझ्या खिशात मिटन होती, ती काढून तिला दिली. घेतली. मग आम्ही दोघं पुढे गेलो.

म्हातारी सुरू केली. विनिपेगच्या बाई, मिसेस देझार्ले, पन्नाशीच्या, शांत, काट्याजवळ खुर्ची टाकून मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मुंडी उभा, टपावर हात ठेवून. पहिलं लेबल निघालं. दुसरं. मुंडीचा टप, स्टेब्बीचा टप, मग सगळे. मी कॉफीचा पेला घेतला आणि मुद्दाम, सगळ्यांसमोर, पहिला घोट घेतला. स्टेब्बीने श्वास रोखला.

काही झालं नाही.

"अफी," तो म्हणाला, "आणखी एक पी."

तीन पेले प्यायलो. दुपारभर एकदाही पडली नाही.

बाईंनी शेवटी कागद आवरले. "मला खोटं लिहिता येणार नाही. सकाळी दोनदा बंद पडली, ते मी लिहिणार. कारण सापडलं आणि नंतर दिवसभर नीट चाललं, तेही लिहिणार. तारा बदलून घ्या. मार्चमध्ये, बर्फ फुटायच्या आधी मी पुन्हा येईन. तोवर केंद्र चालू राहील."

एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुंडीने खिशातून हातरुमाल काढला आणि खोकल्याच्या निमित्ताने डोळे पुसले.

बाहेर त्यांची गाडी अर्थातच मेली होती, प्लग मीच उपटला होता. किल्ली फिरवली की नुसतं कण्हायची. गुडनी शरमेने लाल. बाई म्हणाल्या, "अहो, मी विनिपेगच्या सेंट बोनिफेस वस्तीत वाढलेय. मरायला टेकलेली गाडी मला नवीन नाही." स्टेब्बीने आपल्या ट्रकमधून जाडजूड वायरी काढल्या, बॅटरीला बॅटरी जोडली, आणि गाडी उठली. सगळे ढकलायला धावले होते, त्यांची निराशा झाली.

थकलो आहे. आनंद होतो आहे की नाही हे उद्या बघीन.

१२ फेब्रुवारी

काल वायरमन येऊन गेला. भिंत फोडली तेव्हा आतला जोड काळा पडलेला दिसला. म्हातारीला स्वतंत्र तार, बॅटरीच्या पेटीत नवी बॅटरी. खांबावरचा प्लग बर्फ वितळल्यावर, म्हणाला. तोवर बाहेर वीज नाही.

मी स्टेब्बीला आणि बाकीच्यांना जोड दाखवला. नारिंगी वायरीबद्दल एक अक्षर बोललो नाही. मुंडीला सगळं कळलं आहे असं वाटतं, पण मुंडीच्या पोटातून गोष्ट काढायची तर बर्फाला भोक पाडण्याचं गिरमिटच लागेल.

आज सकाळी कॉफीला गेलो. मशीनसाठी नव्हे, मशीन बरी आहे. उणे एकोणतीस. गुडनी दारात आली नाही. मला वाटलं अजून मनाला लावून घेतलंय तिने. आत कॉफी ओतली, नेहमीसारखी, पण बोलणं कमी. मध्येच "आले" म्हणून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने परतली, गाल लाल.

निघताना बाहेर आलो तर पिकअपच्या तोंडावर एक गोधडी पांघरलेली. दोन्ही बाजूंनी नीट खोचलेली, आजारी माणसाला खोचतात तशी. निळ्या-पांढऱ्या चौकटींची. जुनी, धुऊन मऊ झालेली. शेडमध्ये अशी गोधडी नाही. तिच्या घरी, झोपायच्या खोलीचं दार उघडं असलं की पलंगावर दिसते ती.

इंजिन पहिल्या फेरीतच उठलं.

गोधडी घडी करून आणली आहे घरी. बोक्याला तिच्यावर बसू देत नाही. उद्या परत करायची की नाही, कसं म्हणून परत करायची, काही कळत नाही.

संध्याकाळ झाली नाही तोवर ऑर्व्हिलला लिहून टाकलं. मदतीच्या त्या पानावर सगळे आपलं दुखणं मांडतात आणि बरं झालं की कुणी परत फिरकत नाही, मागून येणारा वाचत वाचत शेवटाला पोचतो आणि तिथे नुसती शांतता. मला तसं करायचं नव्हतं. इथे उतरवून ठेवतो:

"प्रिय ऑर्व्हिल, तुझी तब्येत? पाठ? बायकोचा डोळा? आणि क्लबचा संगणक? आमची म्हातारी बरी झाली. मेमरी नव्हती, ड्रायव्हर नव्हता, मीही नव्हतो. वीजच होती, तू बरोबर होतास. मी तपासली खरी, पण चुकीच्या दिवशी. तू तुमच्या क्लबबाहेर जा. कुणाची गाडी कुणी मायेने कुठल्या वायरीला लावली आहे ते बघ, आणि त्या वायरीमागे शेवटपर्यंत जा. सापडलं तर तिथल्या माणसावर रागावू नकोस, सॉकेटला दोष दे.

आता एक वेगळं विचारतो, याचा संगणकाशी संबंध नाही. तुझं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, तुला ठाऊक असेल. एखाद्या बाईने थंडीत स्वतःच्या पलंगावरची गोधडी आपल्या गाडीवर घातली, तर ती परत देताना काय म्हणायचं असतं? उद्या सकाळी कॉफीला जायचं आहे. जमलं तर त्याआधी, लवकर लिही."